पन्नास पानांचे न्यायाधीश

दिवाळीच्या दिवसांत आपल्याकडे चकली, करंजी आणि अनारसे यांच्याबरोबर आणखी एक जिन्नस फुकट वाटला जातो. तो म्हणजे मत. नाटकाविषयी मत, सरकारविषयी मत, शेजारणीच्या चिवड्याविषयी मत. आणि घरात चार पुस्तके असली, तर पुस्तकांविषयीही मत. माझे भांडण मताशी नाही. मत नसलेला माणूस आमच्या खानदेशात अजून जन्माला यायचा आहे. माझे भांडण आहे ते एका विशिष्ट मासल्याच्या मताशी. ते बहुधा असे व्यक्त होते: "पन्नास पाने वाचली, पुढे सरकेचना. काही दम नाही त्या पुस्तकात."

हे वाक्य मी जळगावात ऐकले, धुळ्यात ऐकले, चाळीसगावच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना ऐकले. डॉक्टरांच्या तोंडून ऐकले, वकिलांच्या तोंडून ऐकले, आणि सांगायला वाईट वाटते, पण मराठी शिकवणाऱ्यांच्या तोंडूनही ऐकले. या वाक्याचा पहिला भाग अगदी निर्मळ आहे. पन्नास पाने वाचली आणि पुढे सरकले नाही, ही घडलेली गोष्ट आहे. ती ज्याची त्याला ठाऊक, आपण वाद घालणारे कोण? पण दुसरा भाग हा निकाल आहे. साक्षीदाराने साक्ष देता देता पिंजऱ्यातून उठावे आणि सरळ न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसावे, तसा हा प्रकार. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मी शेवटपर्यंत सोडणार नाही: पुस्तक मधेच सोडण्याचा हक्क प्रत्येक वाचकाला आहे, पुरता आहे, बिनशर्त आहे. पण सोडलेल्या पुस्तकावर निकाल देण्याचा हक्क त्याला नाही.

"हे सांगणारे तुम्ही कोण?" असे कोणी विचारील. विचारावेच. मी एक शाळामास्तर. मॅट्रिकच्या पुढची पायरी मी चढलो नाही. दोनचार कादंबऱ्या लिहिल्या, त्या कोणी पुऱ्या वाचल्या, कोणी अर्ध्या वाचल्या, आणि बऱ्याच जणांनी भेट म्हणून घेऊन कपाटात ठेवल्या. म्हणजे या खटल्यात मी वाचक आहे, लेखक आहे आणि पोरांच्या हाती पुस्तक देणाराही आहे. तिन्ही बाजूंनी ज्याला मार बसतो, त्याला बोलायचा थोडा अधिकार असावा.

उदाहरण घरचेच घेऊ. जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' ही कादंबरी २०१० साली प्रसिद्ध झाली. ती येणार, येणार म्हणून किती वर्षे बोलबाला चालला होता, हे वाचकांना आठवत असेल. आली ती सहाशे पानांच्या आसपासचा ऐवज घेऊन. आमच्याकडे ती घरोघर गेली. का जाणार नाही? आपल्या मातीचा लेखक, आपली बोली, आपली केळी, आपला कापूस, आपले भाऊबंद. लोकांनी ती लग्नात भेट दिली, निवृत्तीच्या समारंभात दिली. आणि मग काही महिन्यांतच ते प्रसिद्ध वाक्य कानी येऊ लागले. पन्नास पाने वाचली, पुढे सरकेचना.

आता ती पन्नास पाने काय करीत आहेत, हे पाहा. खंडेराव हा पुरातत्त्वाचा अभ्यासक. तो मोहेंजोदडोच्या उत्खननावर आहे. वडील आजारी असल्याची बातमी येते आणि तो खानदेशातल्या आपल्या मोरगावाकडे निघतो. ज्याला गोष्ट हवी आहे, तो म्हणतो, "अहो, निघाला ना? मग पोहोचवा त्याला घरी!" पण कादंबरी त्याला घरी पोहोचवायच्या घाईत नाही. तिला त्याच्या मनातले थर एकेक करून उकरायचे आहेत. खानदेशातल्या माणसाला हे काम परके वाटू नये. तापीकाठचे प्रकाशे आणि गिरणाकाठचे बहाळ येथे १९५० च्या दशकात उत्खनने झाली, आणि जिथे आपण गुरे चारीत होतो तिथे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या वस्तीचे रंगीत खापर निघाले. ते खापर नांगर फिरवून हाती आले नाही. माती थराथराने काढावी लागली, चाळावी लागली, कुंचल्याने झाडावी लागली. ज्या कादंबरीचा नायकच उत्खनन करणारा, तिने पहिल्या पानावर नांगर घालावा अशी अपेक्षा करणे म्हणजे पांजरपोळात जाऊन घोड्यांची शर्यत मागणे.

शिवाय लेखकाने पुस्तकाच्या नावातच 'अडगळ' हा शब्द घातला आहे. आपण माळ्यावर चढतो तेव्हा तिथे जुनी पितळी घंगाळे, मोडका पाळणा, आजोबांची पेटी आणि उंदराने कुरतडलेल्या वह्या एकावर एक पडलेल्या असतात. "इथे नीट चालता येत नाही," ही तक्रार खरी. पण दारावर माळा असे लिहिलेले असताना ती दिवाणखान्याच्या थाटात करणे शोभत नाही.

कोणी म्हणेल, तुम्ही 'हिंदू'चे वकीलपत्र घेतले. मुळीच नाही. ही कादंबरी शेवटपर्यंत वाचून ज्याने नावे ठेवली, त्याच्याशी मी रात्रभर वाद घालीन आणि सकाळी त्याला चहा पाजीन. त्याने आपले काम केले आहे. भांडण आहे ते पहिल्या मुक्कामावरून परत फिरणाऱ्याशी. चैत्रात आमच्या खानदेशातून हजारो माणसे सप्तशृंगीच्या गडाला पायी जातात. त्यातला एखादा पायाला फोड आले म्हणून दुसऱ्या दिवशी परत फिरला, तर फिरो बापडा. देवीही त्याच्यावर रागावणार नाही. पण तोच गावात येऊन पारावर बसला आणि "गडावर काही देवीबिवी नाही, मी जाऊन आलो," असे सांगू लागला, तर त्याला काय म्हणावे? पुस्तकांच्या बाबतीत असे पारावरचे भाविक आपल्यात फार झाले आहेत.

या प्रश्नावर आपल्याकडे दोन पक्ष आहेत, आणि माझे दोघांशीही वाकडे आहे. पहिला पक्ष जुन्या वळणाच्या घरांतला. त्याचा नियम असा की, सुरू केलेले पुस्तक संपवलेच पाहिजे. हा नियम कुठून आला, हे आपली भाषाच सांगते. जेवायला वाढतात तेही पान, आणि छापतात तेही पान. "पानात टाकू नये" हे आईने लहानपणी सांगितले, ते आपण पुस्तकालाही लावले. अन्नाच्या बाबतीत नियम सोन्यासारखा आहे. ताटातला भात टाकला तर तो वाया जातो. कुणाच्या तरी घामाचे मोल मातीत जाते. पण टाकलेले पुस्तक वाया जात नाही. ते तसेच्या तसे राहते, दुसऱ्याच्या हाती जाते, दहा वर्षांनी पुन्हा आपल्याही हाती येते. पुस्तक हे न विटणारे अन्न आहे. त्याला उष्टे होण्याची भीती नाही.

उलट या नियमाने नुकसान किती होते, ते मी शाळेत रोज पाहतो. एका घरी सुटीत मुलाला एक जाडजूड चरित्र दिले आणि "हे संपल्याशिवाय दुसरे पुस्तक मिळणार नाही," अशी तंबी दिली. मुलगा गुणी. त्याने ते पुस्तक उघडून समोर धरले आणि सबंध मे महिना भिंतीकडे पाहत काढला. जूनमध्ये तो शाळेत आला तेव्हा पुस्तकांच्या कपाटाकडे पाहीनासा झाला होता. एका पुस्तकाने दहा पुस्तकांची वाट अडवली. मोठ्या माणसांचेही असेच होते. उशाशी एक अर्धे पुस्तक पडलेले असते. ते पुरे होत नाही, म्हणून दुसरे घ्यायला मन धजत नाही. आणि मधल्या काळात माणूस मोबाईल पाहत बसतो. मग आपण दोष मोबाईलला देतो. खरा दोष त्या अपराधी भावनेचा असतो. दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकाने, जो स्वतः शाळेत शिकवीत असे, १९९२ साली वाचकाचे दहा हक्क सांगितले. त्यात पुस्तक पुरे न करण्याचा हक्क आहे. मास्तर माणसानेच तो द्यावा, हे मला फार बरे वाटले. कारण सक्ती काय करते, हे मास्तराइतके कोणाला ठाऊक?

दुसरा पक्ष नव्या वळणाचा. त्याचे म्हणणे, पुस्तकाने पहिल्याच पानावर पकड घेतली पाहिजे. नाही घेतली तर ते पुस्तकच नव्हे. 'पकड' हा शब्द बघा. कुस्तीच्या आखाड्यातला, किंवा फौजदाराच्या चौकीतला. वाचक म्हणजे जणू पळून जाणारा इसम, आणि लेखक त्याची गचांडी धरणारा. ही पकड आता इतकी प्रतिष्ठित झाली आहे की, नवा लेखक गावाचे नाव सांगायच्या आधी खून करून मोकळा होतो. मेलेला माणूस कोण, त्याची आम्हाला ओळख नाही, त्याच्या मागे रडणारे कोण, तेही ठाऊक नाही. मग त्या मरणाचे आम्ही काय करावे?

आणि हा पकडीचा हट्ट मराठी माणसाने धरावा, याचे तर नवल वाटते. आपल्या सगळ्या कला सावकाश दार उघडणाऱ्या. कीर्तनाला जा. बुवा आधी पूर्वरंग लावतात. एक अभंग घेऊन त्याचा पदर न् पदर उलगडतात. मग नामघोष होतो, बुक्का लागतो, आणि मग कुठे उत्तररंगात आख्यान सुरू होते. तमाशाला जा. आधी गण, मग गौळण, मग बतावणी, आणि मग वग. तमाशाला बसलेल्या प्रेक्षकाला कोणी आळशी किंवा फार सोशिक म्हणणार नाही. तोही गणाला टोपी काढून बसतो. ज्ञानेश्वरी घ्या. गणेशाचे स्तवन, शारदेचे स्तवन, गुरूंचे स्तवन, महाभारताची थोरवी, श्रोत्यांची विनवणी. धृतराष्ट्राने संजयाला पहिला प्रश्न विचारायला ८० हून अधिक ओव्या खर्ची पडतात. तोवर अर्जुन रथात चढलेलाही नसतो. सातशे वर्षे या महाराष्ट्रात कोणी म्हटले नाही की, ग्रंथ संथ आहे, ओव्या काढून टाका. का? कारण त्या ओव्या म्हणता म्हणता ऐकणाऱ्याचा श्वास त्या चालीत बसतो. पुढचे ऐकायला कान तयार होतात.

गद्याचेही तेच. हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यांच्या 'करमणूक' पत्रातून क्रमशः येत असे. 'करमणूक' निघाले १८९० साली. यमूच्या बालपणच्या घरगुती गोष्टींनी ती सुरू होते: भाऊ, आई, आजी, घरातली कुरबूर, लहानसहान रुसवेफुगवे. घाईच्या वाचकाला वाटेल, यात काय विशेष? पण पुढे त्या मुलीच्या नशिबी जे वैधव्य येते आणि त्या वैधव्याची जी विटंबना होते, तिचा घाव वाचकाला बसतो तो या आरंभाच्या पानांमुळेच. आपण तिला खेळताना पाहिलेले असते. ओळख नसलेल्या बाईचे दुःख ही बातमी असते. ओळखीच्या पोरीचे दुःख हे आपले दुःख असते. आणि ओळख व्हायला वेळ लागतो, हे सोयरीक जुळवणाऱ्या समाजाला मी सांगायला हवे काय?

धुळ्याच्या माणसाला तर एक आणखी घरचा दाखला देतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा शेवट १९२६ साली धुळ्यात झाला, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तिथे उभे आहे. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचे २२ खंड. पहिला १८९८ सालचा. या खंडांच्या प्रस्तावना इतक्या लांब आणि इतक्या मोलाच्या की, पुढे त्या वेगळ्या पुस्तकरूपाने छापाव्या लागल्या. ज्याने प्रस्तावना हा 'संथ आरंभ' समजून ओलांडला, त्याने राजवाडेच ओलांडले.

"पण गुरुजी, पहिल्याच ओळीत धरून ठेवणारी पुस्तकेही आहेत ना?" आहेत, आणि तीही आमच्याच मातीतली. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव यांनी आचार्य अत्र्यांना दाखवली. आणि अत्र्यांना काय हाती लागले हे कळायला पन्नास पाने लागली नाहीत. बहिणाबाई गेल्या १९५१ साली आणि गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ साली. अमळनेरच्या शाळेत शिकवून गेलेल्या साने गुरुजींची 'श्यामची आई' तर पहिल्या रात्रीपासून मुलांना जवळ घेते. पण यावरून सर्वांनी तसेच असावे, हे कसे निघते? मूग दोन महिन्यांत हाती येतो म्हणून केळीला तिसऱ्या महिन्यात उपटायचे काय? केळीचा घड पाहायला वर्षभर पाणी द्यावे लागते, हे रावेर-यावलच्या शेतकऱ्याला समजते, आणि त्याच शेतकऱ्याच्या शिकलेल्या मुलाला कादंबरीच्या बाबतीत समजू नये?

पाश्चात्त्यांनी या प्रश्नाचा हिशेबही करून पाहिला आहे. अमेरिकेत सिअॅटल येथील ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी पन्नास पानांचा नियम सांगितला. पन्नास पाने वाचा, मग ठरवा. आणि वय पन्नाशीच्या पुढे गेले, तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पाने वाचा. म्हणजे ऐंशी वर्षांच्या आजोबांना वीस पाने पुरेत, आणि शंभरीच्या आजीने नुसत्या वेष्टनावरून ठरवावे! गंमत छान आहे आणि बाई शहाण्या आहेत. कारण त्यांचा नियम पुस्तक सोडण्यापुरता आहे, त्यावर शिक्का मारण्यापुरता नाही. पण पानांची मोजणी ही शेवटी मोजणीच. 'हिंदू'ची पन्नास पाने म्हणजे बाराव्या हिश्शाएवढी; दीडशे पानांच्या पुस्तकाची पन्नास पाने म्हणजे तिसरा हिस्सा. दोन्हींना एकच माप कसे लावणार? उंबर्टो एको या इटालियन लेखकाची 'द नेम ऑफ द रोझ' ही कादंबरी १९८० साली आली. तिची पहिली शंभर पाने कमी करा, असा सल्ला त्याला मिळाला होता. त्याने तो मानला नाही. त्याचे म्हणणे, ज्याला त्या मठात सात दिवस राहायचे आहे, त्याने मठाची चाल शिकलीच पाहिजे. ती पाने म्हणजे डोंगराची चढण आहे. ज्याला चढायचे नाही, त्याने पायथ्याशी थांबावे.

म्हणजे संथ पुस्तक दिसले की हात जोडावे काय? छे! इथे मी लेखकाच्या बाजूने बोलणे थांबवतो, कारण आम्हा लेखकांच्या खोडी मला ठाऊक आहेत. संथ निराळे आणि सुस्त निराळे. संथ पुस्तक सावकाश चालते, पण कुठेतरी चाललेले असते. सुस्त पुस्तक ओट्यावर बसून जांभया देत असते. काय लिहावे हे सुचत नसले की आम्ही लेखक पहाट करतो. पूर्वेला तांबडे फुटते, कोंबडा आरवतो, बायका पाणवठ्याला निघतात, आणि लेखक मात्र अजून अंथरुणातच असतो. अशी पहाट तीन पाने चालली, तर पुस्तक खुशाल मिटावे.

फरक कसा ओळखावा? मी पोरांना तीन खुणा सांगतो, त्या मोठ्यांनाही चालतील. पहिली खूण: एक पान मोठ्याने वाचा. संथ पुस्तकातले वाक्य जिभेवर टिकते; त्यात कोणाचा तरी आवाज असतो. सुस्त वाक्य तोंडातच विरते. दुसरी खूण: जे वर्णन चालले आहे, त्यात काही कळते आहे का, ते पाहा. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त, १९५५ सालच्या, एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर रुजू व्हायला येतो. गडबड काही नाही. पण प्रत्येक पानागणिक तुम्हाला एक माणूस कळतो, मेंढरे कळतात, वाडीची रीत कळते. आणि शेवटी दुष्काळात ती वाडी ओस पडते, तेव्हा आपलेच गाव उठल्यासारखे होते. ही आरंभाची ठेव व्याजासह परत मिळाली. तिसरी खूण: मधले एखादे पान उघडून वाचा. तिथे जी माणसे बोलत आहेत, त्यांची ओळख करून घ्यावी असे वाटले, तर पुन्हा पहिल्या पानावर या. ती माणसेही परकीच राहावीशी वाटली, तर पुस्तक बाजूला ठेवा आणि दुसरे घ्या.

याच नेमाड्यांची 'कोसला' घ्या. १९६३ साली, पंचविशीतल्या लेखकाने लिहिलेली. पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला शिकायला जातो. होस्टेल, टवाळक्या, गॅदरिंग, उधळपट्टी. कित्येकांना वाटते, हे काय चालले आहे? याला शेंडा ना बुडखा. अशा वाचकाने तिथेच पुस्तक मिटले, तर मनी त्याला कधीच भेटणार नाही. पांडुरंगाची ती धाकटी बहीण देवीने जाते, आणि आतापर्यंतचे सारे हसणे एकदम घशात अडकते. टवाळकीची ती पाने नसती, तर ते मरण नुसते मरण झाले असते. आता सांगा, टवाळकीशी पुस्तक मिटणाऱ्याने 'कोसला म्हणजे नुसती पोरकट बडबड' असे सांगत फिरावे काय? त्याने पाहिला तो पूर्वरंग. आख्यानाला तो हजरच नव्हता.

जाता जाता दुसऱ्या टोकाच्या मंडळींचाही समाचार घेतला पाहिजे. नेमाड्यांना २०१४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा आमच्याकडे कोण आनंद! फलक लागले, पेढे वाटले, भाषणे झाली. आनंद खरा होता, त्याला मी नावे ठेवीत नाही. पण त्या भाषणांपैकी काही मी ऐकली, आणि बोलणाऱ्याने पुस्तकाच्या मलपृष्ठापलीकडे प्रवास केला नसावा, असे राहून राहून वाटत होते. पन्नास पाने वाचून निंदा करणारा आणि शून्य पाने वाचून स्तुती करणारा, हे दोघे सख्खे भाऊ. त्यातल्या त्यात पहिल्याने निदान पन्नास पाने तरी वाचली!

आता कोणी म्हणेल, एवढा आरडाओरडा कशाला? कोणी पुस्तकाला कंटाळवाणे म्हटले, तर आभाळ कोसळते काय? आभाळ नाही कोसळत. एक दार बंद होते. घरात वडील जे सहज बोलतात, ते मुलाच्या मनात कायदा होऊन बसते. "ते काही वाचण्यासारखे नाही" असे बापाच्या तोंडून एकदा ऐकलेला मुलगा त्या पुस्तकाला पुढे तीस वर्षे हात लावीत नाही. जळगावचे व. वा. वाचनालय घ्या, धुळ्याचे गरुड वाचनालय घ्या. तिथल्या कपाटांत अशी किती पुस्तके वाचक नाही म्हणून नव्हे, तर निकाल लागला म्हणून पडून असतील! आणि आमच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट गुंतली आहे. लेवा बोली, तावडी, अहिराणी यांचे शब्द, शेतातली, चुलीपाशीची, भांडणातली बोलणी आता घरात ऐकू येईनाशी झाली. आजी गेली की तिच्याबरोबर शेदोनशे शब्द जातात. ते जिथे टिकून आहेत अशी पुस्तके मोजकी, आणि ती बहुधा सावकाश चालणारी. कारण बोलीला घाई माहीत नसते. त्यांच्यावर आपणच पारावर बसून शिक्का मारला, तर पुढच्या पिढीने आपले घर शोधायचे कुठे?

याच्या उलट माझ्या वर्गातली एक आठवीची मुलगी पाहा. तिने 'बनगरवाडी' नेली आणि चार दिवसांनी परत आणली. मी विचारले, "का गं, आवडली नाही?" ती म्हणाली, "तसं नाही सर. त्याची अन् माझी अजून ओळख नाही झाली. पुढच्या वर्षी नेईन." पुढच्या वर्षी तिने ती नेली आणि आठ दिवस परतच दिली नाही. त्या पोरीच्या वाक्यात जेवढी टीकाबुद्धी आहे, तेवढी मला कित्येक परीक्षणांत आढळली नाही. पुस्तक तिने सोडले, पण त्याच्यावर ठपका ठेवला नाही. दार लोटले, कडी घातली नाही.

तेव्हा वाचकहो, पुस्तके अर्ध्यावर सोडा. निर्भयपणे सोडा. हा अंकही आवडला नाही तर सोडा. संपादकांची परवानगी मी काढतो. आयुष्य थोडे आहे आणि कपाटे भरलेली आहेत. पण सोडल्यावर जे वाक्य बोलाल, त्याचा कर्ता नीट निवडा. "मला पुढे जाता आले नाही," या वाक्याचा कर्ता तुम्ही आहात. ते खरे आहे, सभ्य आहे, आणि समोरच्या मुलाला "मग मी बघतो" असे म्हणायला जागा ठेवते. "त्यात काही दम नाही," या वाक्याचा कर्ता पुस्तक आहे. ते बोलायचे असेल तर आधी शेवटच्या पानापर्यंत जावे लागेल. तेवढे चालायची तयारी नसेल, तर पारावर जागा भरपूर आहे, बसावे, पाणी प्यावे, आणि गडावरून परत येणारांना मात्र विचारावे, "वर काय पाहिलेत हो?"